किती वजन न्यायचं आहे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एकवीरेचं दर्शन घेऊन कार्ल्याहून परतत होतो. कामशेतच्या अलीकडे पाण्याने काठोकाठ भरलेला एक खड्डा मला दिसलाच नाही. आमची जुनी प्रीमियर पद्मिनी त्यात अशी आपटली, की मागे बसलेल्या सौभाग्यवतींच्या मांडीवरचा चिक्कीचा पुडा पुढच्या काचेवर येऊन आदळला. उतरून पाहिलं, तर गाडी डाव्या अंगाला झुकली होती. वयस्कर माणूस चढ चढताना मध्येच गुडघ्यावर हात टेकून उभा राहतो ना, अगदी तशी.

तळेगावच्या आमच्या मिस्त्रींनी चाकाच्या वरची जागा बोटांनी मोजली आणि मागच्या कमानी बसल्या असल्याचा निकाल दिला. ज्यांच्यावर मोटारीच्या पोटात डोकावायची वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पद्मिनीच्या पुढच्या चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात आणि मागे असतात कमानी. एकाखाली एक बसवलेल्या, लांबीने उतरत्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची ही जुडी. टांग्यालाही कमानी असत. बैलगाडीला त्या नसत, म्हणून बैलगाडीच्या प्रवासाच्या गोष्टी आमचे आजोबा कंबर चोळत सांगायचे.

आमची मुलगी इंजिनियर आहे. चाकणच्या एका कारखान्यात मोटारींच्या सुट्या भागांचं काम बघते. तिने लगेच सुचवलं, की आता बसवायच्याच तर मूळच्यापेक्षा कडक बसवू या. बाजारात हव्या तशा करून मिळतात. मिस्त्री हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. हात पुसत त्यांनी एवढंच विचारलं, की गाडीतून किती वजन न्यायचं आहे?

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी आणि महिन्यातून एकदा भाजीची पिशवी. पण कधी पाहुणे येतात, कधी मुलगी तिचं सामान लादते. नक्की वजन किती?

हा साधा प्रश्न आठवडाभर माझ्या डोक्यात फिरत राहिला, त्याला आणखी एक कारण होतं. त्याच आठवड्यात मुलीने माझ्यापुढे एक फाईल ठेवली होती. तिला नोकरी सोडून मावळातच एक लहानसा कारखाना काढायचा होता. टेम्पो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि जुन्या मोटारी यांच्यासाठी कमानी आणि स्प्रिंगा बनवण्याचा. कर्जाला जामीनदार हवा होता, आणि तो मी व्हावं अशी तिची इच्छा होती.

आता माझी पंचाईत लक्षात घ्या. मी अडतीस वर्षं बँकेत काढली. त्या काळात काउंटरच्या पलीकडे बसलेल्या किती जणांना मी सांगितलं असेल, की बाबांनो, सख्ख्या भावालासुद्धा जामीन राहू नका! फाईल मी कपाटात ठेवली आणि त्याच कपाटातून वालचंद हिराचंद यांचं चरित्र काढलं. फाईल टाळण्याचा हा आपला एक बहाणा. पण अगदीच असंबद्ध नव्हता. दारात एका बाजूला झुकून उभी असलेली आमची गाडी वालचंदांनी काढलेल्या कारखान्यातली. आणि बँकेतल्या माणसाला या गृहस्थाविषयी एक खास कुतूहल असतं. त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता, तर मी तो नक्की नामंजूर केला असता.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. सौराष्ट्रातून येऊन इकडे स्थायिक झालेलं दोशींचं हे दिगंबर जैन घराणं. वडील हिराचंद नेमचंद यांचा कापसाचा व्यापार आणि सावकारी. पेढीवर बसायचं, व्याज मोजायचं, आल्यागेल्याला पानसुपारी द्यायची, असं आयुष्य या मुलापुढे आयतं मांडून ठेवलेलं होतं. शिक्षणासाठी तो मुंबईला सेंट झेवियर्स आणि पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला, पण पदवी न घेताच परतला. घरच्या धंद्यात त्याचं मन रमेना.

तेव्हा सोलापूर भागात बार्शी लाइट रेल्वे नावाची एक छोटी रेल्वे पाय पसरत होती. अडीच फूट रुंदीचा रूळ. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनियर मोठा हिशेबी माणूस. इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, असं त्याने ठरवलं आणि त्या एका आकड्याभोवती सगळी गाडी रचली. आधी वजन ठरवायचं, मग रूळ, मग पूल. आमच्या मिस्त्रींना हा माणूस भेटायला हवा होता.

या रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सात मैलांच्या तुकड्याचं कंत्राट विशीतल्या वालचंदांनी घेतलं. भागीदार होते लक्ष्मणराव बळवंत फाटक, रेल्वेतली कारकुनी सोडून कंत्राटदारीत उतरलेले. एक सावकाराचा पदवी नसलेला मुलगा आणि एक माजी कारकून. मार्जिन काय, अनुभव काय, तारण काय? माझी लाल पेन्सिल इथेच चालली असती. पण ते काम पुरं झालं आणि फाटक-वालचंद ही जोडी नावारूपाला आली. घरच्या पेढीवर व्याज मोजण्यापेक्षा उन्हात उभं राहून मातीचे घनफूट मोजणं या माणसाला अधिक आवडत होतं, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं असावं.

१९२० साली ही भागीदारी टाटांच्या बांधकाम कंपनीत सामील झाली आणि मग त्यांची कामं सोलापूरच्या माळावरून थेट आपल्या घाटात आली.

लोणावळ्या-खंडाळ्याचा बोर घाट आपण आज चहा-वडापावच्या नादात पार करतो. पण रेल्वेला तो चढताना किती रक्त आटवावं लागलं याची कथा विलक्षण आहे. १८५६ साली काम सुरू झालं. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हा नवा कंत्राटदार विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, बोट पकडून परत जायचं सोडून नवऱ्याचं कंत्राट आपल्या अंगावर घेतलं आणि अनुभवी इंजिनियर नेमून ते तडीला नेलं. पटकी आणि तापाने हजारो मजूर गेले. १८६३ साली गाडी घाट चढली खरी, पण एक अडचण राहूनच गेली. चढ इतका उभा, की खंडाळ्याजवळ गाडी एका बंद टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचं आणि मग ती उलट दिशेने पुढे निघायची. दर फेरीला हा द्राविडी प्राणायाम.

१९२० च्या दशकात नवे बोगदे खोदून हा उलटा फेरा काढून टाकायचं ठरलं. बोर घाटातल्या बोगद्यांचं ते काम वालचंदांच्या कंपनीने केलं. १९२९ पासून गाड्या न थांबता घाट चढू लागल्या आणि १ जून १९३० रोजी डेक्कन क्वीन धावू लागली. पुण्याच्या चाकरमान्याचं मुंबईशी जे नातं जुळलं, त्याच्या पायात अशी वालचंदांच्या सुरुंगांची माती आहे.

घाटातली आणखी एक गंमत सांगतो. कर्जतला गाडी थांबते आणि मागून तिला जादा इंजिनं जोडली जातात. ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात आणि तिथे सुटी होतात. या इंजिनांना रेल्वेच्या भाषेत बँकर म्हणतात. इंग्रजीत बँक म्हणजे चढण, त्यावरून आलेला हा शब्द. त्याचा आमच्या बँकेशी काडीचाही संबंध नाही. तरीपण नोकरीच्या सुरुवातीला मुंबईला जा-ये करताना हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा मी मनात खूष झालो होतो. मागे राहायचं, चढावर जोर लावायचा, सपाटी आली की निमूट बाजूला व्हायचं. आपलं काम हेच, असं तेव्हा वाटलं होतं. प्रत्यक्षात मी बँकरपेक्षा ब्रेकचंच काम जास्त केलं, हा भाग वेगळा.

बांधकामात जम बसलेला माणूस पुढेही बांधकामच करेल असं आपल्याला वाटतं. वालचंदांनी १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा पाया घातलाही. पण त्याआधीच त्यांचं लक्ष समुद्राकडे गेलं होतं. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं एक जहाज विकायला निघालं होतं. युद्धात ते इस्पितळ म्हणून वापरलं गेलं होतं. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास आणि वालचंद यांनी पुढाकार घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी हे त्यांचं जहाज मुंबईहून इंग्लंडला निघालं. आज आपण ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो, तो याच प्रवासामुळे.

पाळतो तो आज. तेव्हा ही उडी आगीतली होती. हिंदी किनाऱ्यावरची मालवाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती. नवा कोणी उतरला की भाडी इतकी खाली आणायची, की त्याचं दिवाळं निघालं पाहिजे. याआधीच्या देशी जहाज कंपन्या याच मार्गाने बुडाल्या होत्या. सिंदियाच्या वाट्यालाही ते भाडेयुद्ध आलं, आणि १९२३ साली कंपनीला आपल्या वाढीवर मर्यादा घालणारा करार पत्करावा लागला. १९२९ साली नरोत्तम मोरारजी गेले, वालचंद अध्यक्ष झाले आणि १९५० पर्यंत त्या खुर्चीत राहिले. किनाऱ्यावरचा व्यापार देशी जहाजांसाठी राखून ठेवा, ही मागणी त्यांनी सरकारपुढे, व्यापारी मंडळांपुढे, वर्तमानपत्रांतून इतकी वर्षं लावून धरली, की ऐकणारे कंटाळले असतील पण ते कंटाळले नाहीत.

कडकपणा म्हणतात तो हा. खड्डा आला म्हणून न वाकणं.

पण इथे मला माझी स्वतःची एक जुनी चूक सांगितली पाहिजे. १९९२ साली ही पद्मिनी मी सेकंडहॅंड घेतली. दोन वर्षांनी घरात लग्न निघालं. माणसं, भांडी, तांदळाची पोती यांची ने-आण माझ्याच गाडीतून. मागची बाजू खाली टेकायला लागली तेव्हा मी हुशारी केली. कमानीत एकेक जादा पाटा घालून घेतला. लग्न पार पडलं. गाडीने इंद्रायणी तांदळाची पोती अशी वाहिली, की मिशीला पीळ द्यावा.

लग्न संपलं, गाडी रिकामी झाली आणि मग खरी गंमत सुरू झाली. रस्त्यावरचा खडासुद्धा आता पाठीच्या कण्यात कळू लागला. वळणावर पावसात मागचं चाक उडी मारायचं आणि रस्ता सोडू पाहायचं. महिन्याभरात दारांचे खुळखुळे झाले. माझ्या आईला पाठीचा आजार. एकदा तिला लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. येताना ती काही बोलली नाही, पण पुन्हा गाडीत बसायची वेळ आली तेव्हा ती लोकलने गेली.

तेव्हाही याच मिस्त्रींनी समजावलं होतं. पुढे मुलीने त्यामागचं शास्त्र सांगितलं. रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली स्प्रिंगचा नियम छापला. वजन दुप्पट केलं की स्प्रिंग दुप्पट दबते, वजन काढलं की पूर्ववत होते. पण हे एका मर्यादेपर्यंतच. त्यापलीकडे ताणली तर ती परत येत नाही, बसते. कडक स्प्रिंग म्हणजे तेवढ्याच वजनाला कमी दबणारी. कमानीत पाटा वाढवला की ती कडक होते. गुंडाळीची तार थोडी जाड घेतली की कडकपणा झपाट्याने वाढतो. वेटोळी कमी केली तरी वाढतो, म्हणून काही मंडळी स्प्रिंग कापून घेतात, ते तर धोक्याचंच. शिवाय दबलेली स्प्रिंग उसळी मारते, ती उसळी आवरायचं काम शॉक ॲब्सॉर्बरचं. स्प्रिंग कडक करायची आणि शॉक ॲब्सॉर्बर जुनाच ठेवायचा, म्हणजे दांडगा बैल विकत घेऊन वेसण तीच जुनी ठेवायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धक्का कुठे जात नाही. मऊ स्प्रिंग तो पोटात घेते. कडक स्प्रिंग तो पुढे ढकलते. गाडीच्या सांगाड्याकडे, रबरी बुशांकडे, बसलेल्या माणसांच्या मणक्यांकडे. जादा पाटा मी दुसऱ्याच आठवड्यात काढून टाकला. आईला मात्र परत गाडीत बसवायला दिवाळी उजाडली.

वालचंदांचं चरित्र या वेळी वाचताना मी तेच शोधत होतो. यांचे धक्के कोणाकडे गेले?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद हे भाऊ मागे होते. वालचंद एक कारखाना सुरू करून पुढच्याकडे निघत आणि मागे राहिलेल्याला तो चालवावा लागे. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावचा माळ आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातली कळंबची जमीन, दोन्ही ठिकाणी उसाची शेती आणि १९३३-३४ च्या सुमारास साखर कारखाने उभे राहिले. कळंबचं पुढे वालचंदनगर झालं. रावळगावच्या गोळ्या तर आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या वाटेवर चघळल्या आहेत. त्या गोळ्यांचा धंदा २०२४ साली रिलायन्सकडे गेला, ही बातमी वाचली तेव्हा तोंडातली गोळी विरघळल्यासारखं वाटलं. भाऊ नसते, तर या माणसाचा संसार पहिल्या दोन-तीन खड्ड्यांतच उलटला असता असं मला बँकवाला म्हणून वाटतं. चरित्रात मोठ्या भावाचं नाव ठळक येतं. मागे जोर लावणारी इंजिनं फोटोत येत नाहीत.

महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभारण्यात पुढाकार, मग व्यापाऱ्यांच्या अखिल भारतीय महासंघाचं अध्यक्षपद, ही सार्वजनिक कामंही चालूच होती. आणि १९३० च्या दशकाच्या शेवटी, वयाची पंचावन्न वर्षं उलटल्यावर, आपल्यासारखी माणसं प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब मांडतात त्या वयात, वालचंदांनी एकाच वेळी तीन गोष्टी मनावर घेतल्या. मोटार, विमान आणि जहाज. या देशात यातलं काहीही बनत नव्हतं.

मोटारीच्या कारखान्याची योजना मुळात सर विश्वेश्वरय्यांची. त्यांनी युरोप-अमेरिका फिरून ती तयार केली होती आणि वालचंदांनी ती खांद्यावर घेतली. १९३९ साली ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही. क्रायस्लरशी १९४० साली करार झाला. पण सरकार हलेना. लढाईच्या दिवसांत मोटारींचा कारखाना युद्धोपयोगी नाही, असा सरकारी पवित्रा. याच परदेशवारीत विमानाने परतताना त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली. प्रवासात ओळख झाली आणि वालचंदांनी त्या ओळखीतून विमानांचा कारखाना काढायचं ठरवलं! म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. पुढच्याच वर्षी, २१ जून १९४१ रोजी, विशाखापट्टणला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला बसली.

सहा महिन्यांत दोन महाकाय कारखाने, आणि तिसऱ्यासाठी सरकारशी झगडा. कॅलथ्रॉपने आसाला पाच टनांची मर्यादा घातली होती. वालचंदांच्या आसाला मर्यादाच नव्हती.

खड्डेही तसेच आले. युद्ध जवळ आलं आणि १९४२ साली विमान कारखाना सरकारने ताब्यात घेतला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विशाखापट्टणवर जपानी बॉम्ब पडले. मोटारीच्या बाबतीत तर वालचंद परवानगीची वाट बघत असताना बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ साली स्थापन झाली. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना व्हायला १९४४ उजाडलं आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या त्या स्वातंत्र्याच्या वर्षात, १९४७ मध्ये. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणच्या गोदीतून जल-उषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. तीन्ही वस्तू देशात बनू लागल्या.

आणि १९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला.

पुढच्या वर्षी त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कमानीला उसंत दिली नाही, त्याची शेवटची वर्षं पत्नी कस्तुरबाईंच्या शुश्रूषेत गेली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर इथे ते वारले. कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली ती त्यानंतर, १९५४ मध्ये. कारखाना तेव्हा लालचंद बघत होते. तीच गाडी थोड्याफार बदलांनिशी १९७४ पासून पद्मिनी झाली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली, मध्यमवर्गाच्या घरची पहिली गाडी झाली. दोन हजार सालाच्या आसपास तिचं उत्पादन थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सीही गेली. ज्या गाडीसाठी वालचंदांचं नाव घराघरांत पोचलं, ती त्यांनी पाहिलीच नाही.

हिशेब मांडायला बसलो तर आमच्या बँकेच्या रीतीने हा खातेदार नापासच ठरतो. विमान कारखाना सरकारने घेतला. गोदीचा मोठा हिस्सा १९५२ साली सरकारकडे गेला. बंगळूरच्या त्या कारखान्यात आज लढाऊ विमानं बनतात, विशाखापट्टणच्या गोदीत आजही जहाजं बांधली जातात, पण त्यांच्या पाटीवर वालचंदांचं नाव नाही. कमानी त्यांनी घडवल्या. वजन पुढे दुसऱ्यांनी वाहिलं.

मग मला जाणवलं, की इतकी वर्षं मी चुकीचा प्रश्न विचारत होतो. अर्जदार किती भक्कम आहे, असं मी विचारायचो. मिस्त्री विचारतात, वजन किती न्यायचं आहे? वालचंदांनी पाटे वाढवले ते मिशीला पीळ देण्यासाठी नव्हे. त्यांना खरोखरच तेवढं वजन न्यायचं होतं. लादलेल्या गाडीला कडक कमान हवीच. तिथे मऊ कमान ठेवणं हाही गुन्हाच. माझी चूक कडकपणाची नव्हतीच मुळी. लग्न संपल्यावरही मी लग्नाचाच पाटा घालून आईला डॉक्टरांकडे नेलं, ही चूक होती. आणि वालचंदांची चूक म्हणायची असेल, तर त्यांनी रिकाम्या गाडीचा दिवस स्वतःला कधी येऊच दिला नाही, ही. हूकचा नियम माणसांनाही सोडत नाही.

मला माझ्या नोकरीतला एक तरुणही आठवला. मावळातल्या एका शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. ट्रॉल्यांच्या कमानी दुरुस्त करायला त्याला भट्टी आणि घण घ्यायचा होता. रक्कम फार नव्हती. मार्जिन थोडं कमी पडत होतं आणि जामीनदार मिळत नव्हता. मी नियमावर बोट ठेवून त्याची फाईल परत केली. नियमाने मी बरोबर होतो. किती ट्रॉल्या आहेत, किती कमानी मोडतात, पंचक्रोशीत हे काम दुसरं कोण करतं, यातलं मी काही विचारलं नाही. तो नमस्कार करून गेला. पुढे त्याचं काय झालं ते मला कळलं नाही. आता इतक्या वर्षांनी मिस्त्रींच्या एका प्रश्नाने तो माझ्या दारात परत आला.

रविवारी सकाळी मी कपाटातली फाईल काढली आणि मुलीला समोर बसवलं. पहिला प्रश्न तोच विचारला. किती वजन न्यायचं आहे? तिने पाठ केल्यासारखे आकडे सांगितले. महिन्याला किती कमानी, पोलादाचा भाव, भट्टीचं वीजबिल, पहिल्या वर्षीचा तोटा. तोटा तिने स्वतःहून मांडला होता, ते बघून मला धीर आला. मग मी विचारलं, रिकाम्या दिवसांत काय? ऑर्डर नसेल तेव्हा हप्ता कशातून? इथे ती अडखळली. आम्ही दोघांनी मिळून मशिनरीच्या यादीतून दोन यंत्रं पहिल्या वर्षापुरती वगळली. कर्जाची रक्कम एक तृतीयांशाने कमी झाली. तिचं तोंड थोडं उतरलं. पण पुढच्या वर्षी पाटा वाढवता येतो, हे तिला मी समजावून सांगायची गरज नव्हती.

जामिनाच्या कागदावर सही करताना माझा हात थोडा थरथरला. अडतीस वर्षांची सवय. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. घर त्यांच्याही नावावर आहे, तेव्हा धक्का बसला तर तो कुठवर जाईल हे त्यांना नीट ठाऊक होतं. त्यांना आदल्या रात्रीच विचारलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की विचारलंत हे बरं केलंत.

पद्मिनीच्या मागच्या कमानींना मिस्त्रींनी भट्टीत घालून पुन्हा मूळचा बाक दिला. एक तडकलेला पाटा बदलला. जादा काही घातलं नाही. दोन म्हातारी माणसं आणि एक भाजीची पिशवी, असं वजन मी त्यांना सांगितलं होतं. शॉक ॲब्सॉर्बर मात्र नवे बसवले.

परवा आम्ही दोघं लोणावळ्यापर्यंत जाऊन आलो. खंडाळ्याच्या बाजूला गाडी उभी करून घाटाकडे बघत बसलो. खालून एक लांबलचक गाडी चढत येत होती. पुढच्या इंजिनाचा आवाज आधी आला, मग डबे, डबे, डबे, आणि सगळ्यांत शेवटी, धुक्यातून, मागून जोर लावणारी बँकर इंजिनं. लोणावळा आलं, की ती सुटणार होती.